झेंडे दाराबाहेर, जाहिराती आत

स्टेडियमात माणसाने तिकीट काढून जावं, नेमून दिलेल्या खुर्चीवर बसावं, गोल झाला की टाळ्या वाजवाव्यात आणि सामना संपला की घरी यावं; झेंडे, फलक, अख्ख्या स्टँडवर पसरणारी रंगवलेली कापडं यांचं तिथे काय काम, असा प्रश्न एका सुजाण गृहस्थांनी जाहीरपणे विचारला आहे, आणि श्वास न घेता उत्तरही देऊन टाकलं आहे: काही काम नाही. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. कापडाआड फटाके दडवले जातात, काठ्यांनी डोकी फुटतात, मागच्याला दिसत नाही, बायकामुलं यायला बिचकतात, खेळात राजकारण शिरतं. आणि क्लब ही मालकाची मालमत्ता असल्याने ज्याला अटी पसंत नसतील त्याने घरी टीव्ही लावावा. परदेशातले क्लब समर्थकांच्या झेंड्यांना चाप लावतायत ते योग्यच आहे, आपल्याकडेही लावावा, असा त्यांचा निकाल. इंदूरला देशाच्या वरच्या लीगमधला फुटबॉल क्लब नाही, तेव्हा तिथल्या राजेंद्र नगरच्या वाचकाने या भांडणात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पडावं अशासाठी, की फुटबॉलच्या प्रेक्षकाला गप्प बसवू पाहणारी ही वृत्ती होळकर स्टेडियममधल्या क्रिकेटच्या प्रेक्षकाकडेही त्याच नजरेने बघते.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. मागच्याला दिसत नसेल तर मोठं कापड सामन्याआधी उभारावं आणि शिट्टी झाली की खाली घ्यावं. बंगाली आणि मल्याळी समर्थक ज्याला ‘टिफो’ म्हणतात त्याची जगभर हीच रीत आहे. काठीवर बंदी घाला, कुणी अडवलेलं नाही. धुराची नळकांडी आणि फटाके आत नकोतच. पण तो गुन्हा फटाक्याच्या नावावर नोंदवा, कापडाच्या नको. कुटुंबांचा मुद्दा कुटुंबांना विचारून मांडलेला दिसत नाही. सुरक्षेचा मुद्दा मात्र भारदस्त वाटतो, म्हणून त्याचा हिशेब बघावा. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात 16 प्रेक्षक मेले, ते दोन्हीकडच्या लोकांना एकाच स्टँडमध्ये कोंबल्यावर झालेल्या मारामारीत आणि चेंगराचेंगरीत. इंग्लंडात हिल्सबरोला 1989 मध्ये जी दुर्घटना झाली तिच्यात एकूण 97 जण गेले. पोलिसांनी चुकीच्या कप्प्यात गर्दी सोडली, समोर लोखंडी जाळी होती, आणि 2016 मध्ये ज्यूरीने समर्थकांना दोषमुक्त ठरवलं. इंडोनेशियात 2022 मध्ये 135 माणसं मेली ती अश्रुधुराने आणि बाहेर पडायच्या दारांपाशी झालेल्या कोंडीने. बंगळुरूला 4 जून 2025 रोजी 11 जणांचा जीव गेला तो स्टेडियमच्या दारांबाहेर, गर्दीचं नियोजन नसल्याने. दार, जाळी, अश्रुधूर, नियोजन. या यादीत कापड कुठे आहे? सुरक्षेची खरी कामं खर्चाची आणि जबाबदारीची असतात. झेंडा काढून घेणं फुकटात होतं आणि केल्यासारखं दिसतं.

इथे गृहस्थ कोल्हापूरचं उदाहरण काढतील, काढायलाही हवं, कारण मराठी मुलखात फुटबॉलचं खरं वेड तिथेच आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ उतरतात तेव्हा पेठच्या पेठ गॅलरीत येते. हुल्लडबाजीही होते आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण दगड मारणारा नाव सांगत नाही. झेंड्यावर मात्र तालमीचं नाव असतं. ज्याने आपलं नाव हातभर अक्षरांत रंगवून पोलिसांसमोर धरलं आहे त्याला जाब विचारता येतो, त्याच्या तालमीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून समज देता येते. ती नावं पुसलीत तर उरेल निनावी गर्दी, आणि बंदोबस्ताला तीच सगळ्यात जड.

आता तो मुद्दा, ज्यावर गृहस्थांनी सगळ्यात जास्त शाई आणि सगळ्यात कमी विचार खर्च केला आहे: खेळात राजकारण नको. वाक्य गोंडस आहे. साहित्याच्या मांडवात राजकारण नको, असंही आपल्याकडे वर्षानुवर्षं म्हटलं जातं, आणि म्हणणारेच स्वागताध्यक्षाच्या खुर्चीत आमदाराला नाहीतर मंत्र्याला नेऊन बसवतात. मांडवाबाहेर चार मुलांनी फलक धरला की मात्र साहित्य धोक्यात येतं. तो वाद इतका जुना झाला आहे की त्यात नवं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. खेळातही तेच. नेत्यांनी क्रीडासंघटना चालवायच्या, नाणेफेकीला पाहुणे म्हणून उभं राहायचं, निवडणुकीच्या तोंडावर संघाचा सत्कार करायचा, हे सगळं खेळभावनेत जमा. स्वस्त तिकिटाच्या काळापासून स्टँडमध्ये बसणाऱ्याने चादरीवर एक ओळ लिहिली की ते राजकारण. पैशाचं बोलणं तर राजकारणातही धरत नाहीत. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ड्रीम इलेव्हन हे नाव होतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि तो करार संपला. म्हणजे जो धंदा पुढे कायद्याने बंद करावा लागला, त्याचं नाव देशाच्या छातीवर चालत होतं. कापडाचं वावडं नाही, कापडावर कोण बोलतो याचं आहे.

आणि खेळ सोवळ्यात होता तरी कधी? पुण्याच्या मैदानावर पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीवर सामने जिंकायचे आणि चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यातून द्यायचा, हे कोणतं निखळ क्रीडाप्रेम होतं? बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळालं, तेही बऱ्याच वादानंतर आणि दबावानंतर. मोहन बागानने 29 जुलै 1911 ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तो दिवस क्लब आजही साजरा करतो. का करतो? पासिंग छान होतं म्हणून? आमचे गृहस्थ त्या दिवशी मैदानात असते तर बंगाली प्रेक्षकांना त्यांनी नक्की बजावलं असतं, की समोर सरकारी पलटण आहे हे विसरा आणि निव्वळ चेंडूकडे बघा. ईस्ट बंगालचं तर अस्तित्वच पूर्वेकडून आलेल्या लोकांशी बांधलेलं आहे. फाळणीनंतर निर्वासितांनी हा क्लब आपला मानला. 19 जानेवारी 2020 च्या सामन्यात, नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देश ढवळून निघत असताना, त्यांच्या समर्थकांनी स्टँडभर कापड उलगडलं: ही भूमी रक्त देऊन मिळवली आहे, कागद दाखवून नाही, अशा अर्थाचं. त्या मताशी कुणी सहमत नसेल, तो त्याचा हक्क. पण ते बाहेरून खेळात घुसवलेलं राजकारण नव्हतं. त्या स्टँडमधल्या आजोबांचं आणि नातवाचं चरित्र होतं.

बंदी घातल्याने बोलणं थांबतं का, हाही प्रश्न आहे. त्याच जानेवारीत, 5 तारखेला, गुवाहाटीला भारत-श्रीलंका टी-ट्वेंटी सामन्यात फलक आत न्यायला मनाई होती. चौकार-षटकारांची पुठ्ठ्याची पाटीसुद्धा नको, मार्कर पेनही नको. पाऊस मात्र तपासणीशिवाय आत शिरला, खेळपट्टी वाळवायला केस वाळवायचं यंत्र आणि इस्त्री आणली गेली, आणि सामना झालाच नाही. 10 एप्रिल 2018 ला चेन्नईच्या चेपॉकवर आयपीएलच्या सामन्याला कावेरी आंदोलनाच्या धास्तीने दारात कडक झडती झाली. तर मैदानात चप्पल-बूट येऊन पडले. पायातलं कुणाकुणाचं काढून घेणार? चेन्नईचे उरलेले घरचे सामने शेवटी पुण्याजवळ गहुंजेला हलवावे लागले. जर्मनीत होफनहाइमच्या धनिक पाठीराख्यावर डॉर्टमुंडच्या समर्थकांनी शिवराळ फलक धरले, म्हणून संघटनेने त्या सगळ्यांनाच दोन वर्षं होफनहाइमच्या मैदानावर यायला बंदी केली. परिणाम असा, की 29 फेब्रुवारी 2020 रोजी बायर्नच्या समर्थकांनीही तेच फलक उचलले, सामना दोनदा थांबला आणि 6-0 अशा स्थितीत दोन्ही संघांचे खेळाडू उरलेला वेळ एकमेकांना चेंडू ढकलत बसले. फलकावरची भाषा घाणेरडी होती, ती लिहिणाऱ्याला शिक्षा करायला हरकत नव्हती. सगळ्यांना एका काठीने हाकल्यामुळे एका गटाची शिवी देशभर गेली. स्कॉटलंडच्या सेल्टिकचं उदाहरण तर याहून गमतीदार. 2016 मध्ये समर्थकांनी पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवले म्हणून यूएफाने क्लबला सुमारे 10,000 युरो दंड केला. समर्थकांनी दंडाची बरोबरी करू म्हणत वर्गणी काढली आणि पॅलेस्टाइनमधल्या मदतकार्यासाठी 1,70,000 पौंडांहून जास्त जमवले. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरवरील अत्याचार आणि खुनानंतर 18 तारखेचा ड्युरंड चषकातला मोठा सामनाच रद्द झाला. पोलीसबळ पुरणार नाही, हे कारण. मग मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन, म्हणजे जन्मात एकमेकांचं तोंड न पाहणारे समर्थक, आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर रस्त्यावर एकत्र आले आणि त्यांना आवरायला पोलीस पुरले, लाठ्यांसकट.

राहिली मालकीची गोष्ट. क्लब मालकाचा आहे म्हणे. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2014 मध्ये निघाला आणि 2019 मध्ये मिटला. त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली, आणि 2025 मध्ये तोही गाशा गुंडाळून दिल्लीला गेला. मुंबई सिटीत नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मोठा हिस्सा घेतला, डिसेंबर 2025 मध्ये काढता पाय घेतला. मालक येतात, ताळेबंद बघतात, जातात. स्टँडमधला माणूस तिथेच असतो. मोहन बागानचं 2020 मध्ये दुसऱ्या क्लबशी लग्न लावून नावापुढे एटीके ही अक्षरं चिकटवली, तेव्हा ती काढा म्हणून समर्थकांनी तीन वर्षं फलक धरले, मोर्चे काढले. 18 मार्च 2023 ला गोव्यात संघ विजेता ठरला आणि त्याच रात्री ती अक्षरं जाणार असल्याची घोषणा मालकाला करावी लागली. ज्याची मालमत्ता, त्याला आपल्याच मालमत्तेचं नाव स्टँडमधून समजलं. इंदूरकरांना तर हे शिकवायला नको. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, कामगारांची देणी तीन दशकं अडली, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या मिलच्या नावाची झांकी कामगारांनी रस्त्यावर आणलीच. त्या झांकीचा मालक कोण, हे सातबाऱ्यावर सापडणार नाही.

मग माझं म्हणणं काय? फार काही नाही. समर्थकाला क्लबच्या संचालक मंडळात मत नाही, लिलावात बोली नाही, तिकिटाच्या दरावर सही नाही. त्याच्याकडे एक चादर आणि रंगाचा डबा आहे. तोच माल क्लब पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत छायाचित्र म्हणून फुकट वापरतो. त्याची किंमत कळायची असेल तर लिव्हरपूल बघा: एप्रिल 2024 मध्ये तिकीटदरवाढीच्या निषेधार्थ समर्थकांनी अटालांटाविरुद्धच्या सामन्यात आपले झेंडे स्वतःहून काढून घेतले. कॉप हा त्यांचा एरवीचा रंगीत स्टँड बोडका दिसला आणि संघ 0-3 हरला. हार झेंड्यांमुळे झाली असा दावा मी करत नाही. तो आमच्या गृहस्थांच्या पद्धतीचा युक्तिवाद होईल. नियम हवेत, पण ते कापडाच्या मापाचे, आग न पकडण्याचे, काठीचे, वाटा मोकळ्या ठेवण्याचे. मजकुरावर बंदी फक्त जात, धर्म, बाई यांची विटंबना आणि मारण्याची धमकी यांपुरती, आणि तीही आधी छापून जाहीर केलेली. नाकारायचं तर कारण लेखी द्यावं, आणि त्यावर दाद मागायची सोय असावी.

हे होईपर्यंत वाचकांना एवढंच सांगणं आहे: होळकर स्टेडियम असो की कोल्हापूरचं मैदान, दारात तुमचं कापड कुणी काढून घेतलं तर भांडू नका, कोणत्या नियमाखाली घेतलं ते विचारा, आणि पावती मागा.