पाना लावण्याआधी

डिझेल पिकअप चढावर दम सोडते, इंजिनचा दिवा पेटतो आणि गाडी कशीबशी वर्कशॉपला पोहोचते. दुसऱ्या दिवशी फोन येतो: "टाकीत पाणी निघालं. हायप्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर गेलेत. वॉरंटीत बसत नाही. काम सुरू करू का?" धंदा खोळंबलेला असतो, म्हणून मालक 'करा' म्हणतो. त्या एका शब्दाने तो लाखाच्या घरातला खर्च मान्य करतो आणि बिघाड कशामुळे झाला हे सिद्ध करण्याची वाटही बंद करून घेतो. टाकी धुतली जाते, जुने भाग भंगारात जातात. पुरावा म्हणून हातात उरते फक्त बिल.

जुन्या इंजिनांचे पंप-नोझल थोडेफार खराब डिझेल पचवत. एका सामाईक नळीतून (रेल) सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणारी आजची कॉमन रेल यंत्रणा ते पचवत नाही. रेलमधला दाब 1,600 ते 2,000 बारपर्यंत चढतो. इंजेक्टरच्या सरकत्या भागांमधली फट अवघी दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. बहुतेक हायप्रेशर पंपांना डिझेल हेच वंगण. त्यात पाणी शिरले की वंगणाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि बारीक चुरा रेलमधून इंजेक्टरमध्ये, तर रिटर्न लाइनमधून थेट टाकीत जातो. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानके लागू झाली. 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही 2023 पासून कडक उत्सर्जन मानके आली आणि ही नाजूक यंत्रणा बांधावर पोहोचली. ड्रममधून, उघड्या कॅनमधून डिझेल ओतण्याची सवय मात्र तशीच राहिली.

कंपनीची वॉरंटी साधारणपणे उत्पादनातल्या दोषापुरती असते. भेसळीचे किंवा पाणीमिश्रित इंधन आणि देखभालीतली हयगय तिच्याबाहेर असतात. नेहमीचा मोटार विमाही यांत्रिक बिघाड भरून देत नाही. अडचण अशी, की सदोष पंप आणि पाण्याने खाल्लेला पंप शेवटी सारखाच चुरा सोडतात. परिणाम एक, कारणे दोन. आणि खर्च कोणी सोसायचा हे कारणावर ठरते. म्हणून कारण ठरण्याआधी दुरुस्ती सुरू होऊ देऊ नये.

फिल्टरच्या तळाचे डिझेल पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली बसते, दोन्हींमधली रेघ डोळ्यांना दिसते आणि गंजाचा तांबूस गाळ तळाशी जमतो. यातून निकाल लागत नाही, पण दिशा कळते. बाटलीत पाणी नाही, फिल्टर स्वच्छ आहे, तरीही पंपात चकाकणारे कण सापडत असतील, तर 'खराब डिझेल' हे उत्तर तसेच स्वीकारू नका. डिझेलचे नमुने दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सीलबंद करा. फॉल्ट कोडची प्रत घ्या, भाग उघडताना फोटो काढा, जुने भाग परत मागा. वॉरंटी नाकारायची असेल तर कोणत्या अटीखाली, हे जॉबकार्डवर लिहून मागा. पेट्रोल पंपावरच्या पावत्या आणि सर्व्हिसची बिले इथेच कामाला येतात. डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा पेटलेला असताना गाडी दामटली असेल, तर मात्र आपली बाजू लंगडी पडते.

खर्च आपल्यावरच आला, तरी निर्णय संपत नाही. एकच इंजेक्टर रिटर्न टेस्टमध्ये जास्त डिझेल परत सोडत असेल आणि चुरा कुठेही नसेल, तर सगळा संच बदलण्याचे कारण नाही. डिझेल लॅबमधला बेंच टेस्टचा कागद पाहून ठरवा. चुरा सापडला असेल, तर अर्धवट काम सर्वांत महाग पडते. टाकी, लाइन आणि रेल साफ न करता नवे इंजेक्टर बसवले, तर तोच चुरा त्यांनाही संपवतो.

वाद मिटला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. दोष तपासणीशिवाय कळत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्यापारी वापर कायद्याबाहेर असला, तरी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेले वाहन संरक्षणात येते; एका पिकअपवर घर चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. सुरुवातीला सल्ल्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण तपासायला नमुनाच उरला नसेल, तर आयोगही फार काही करू शकत नाही.

खरे तर नमुना जपणे आणि लेखी कारण देणे ही वर्कशॉपची जबाबदारी असायला हवी. यंत्र, उपकरणे आणि ज्ञान तिन्ही त्यांच्याकडे. सिद्ध करण्याचे ओझे मात्र सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर. कंपन्यांनी ही पद्धत सक्तीची करावी. ती होईपर्यंत गाडी एक दिवस जास्त उभी राहिली तरी चालेल, लेखी कारण हातात येईपर्यंत होकार देऊ नका.