कोळंबीच्या जिवाणूजन्य रोगांवर समुद्री शेवाळाचा अर्क : शासकीय तलाव-चाचण्या घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : शेवाळ-अर्काच्या तलाव-चाचण्या, गुणवत्तेचे निकष व रोगनिदानाची सोय यांबाबत.

महोदय,

पालघर, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीकाठी व्हेनामी कोळंबीचे संवर्धन करणारे आम्ही शेतकरी पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो.

व्हिब्रिओ गटातील जिवाणू निमखाऱ्या पाण्यात मुळातच असतात. तलावाच्या तळाशी खाद्य साचले, प्राणवायू घटला, की ते बळावतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे विषारी वाण कोळंबीचे यकृत-स्वादुपिंड निकामी करतात. बीज सोडल्यापासून महिन्याभरात तलाव रिकामा होऊ शकतो. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे माशांसारखी लस तिला लागू पडत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. अवशेष सापडले तर परदेशी बंदरातून माल नाकारला जातो.

उरतो तो प्रतिबंधाचा मार्ग. सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळातील फ्युकोइडान कोळंबीची उपजत प्रतिकारशक्ती वाढवते, असे प्रयोगशाळांतील अभ्यासांत दिसले आहे. मात्र काचेच्या टाकीत दिसलेला गुण एकरभर तलावात टिकेलच असे नाही. शेवाळाची जात, तोडणीचा हंगाम, वाळवण आणि अर्क काढण्याची रीत यांनुसार परिणाम बदलतो. तरीही ‘शेवाळ अर्क’ असे लेबल लावलेल्या बाटल्या आमच्या बांधापर्यंत येतात, आणि आत नेमके काय आहे याचा दाखला मागितला तर मिळत नाही. कर्ज काढून केलेल्या पिकावर असा प्रयोग आम्ही स्वखर्चाने का करावा?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि चेन्नईची केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्था यांच्यामार्फत किमान दोन हंगाम तलाव-चाचण्या घ्याव्यात. शेजारीच अर्क न वापरलेला तलाव ठेवावा; बीज, घनता व खाद्य सारखेच असावे.

2. जगलेल्या कोळंबीचे प्रमाण, व्हिब्रिओची संख्या आणि किलोमागे वाढलेला खर्च यांचा अहवाल मराठीत जाहीर करावा. अर्क निष्फळ ठरला, तर तेही स्पष्ट लिहावे.

3. विक्रीस येणाऱ्या अर्कावर शेवाळाची जात, घटक, मात्रा आणि प्रतिजैविकमुक्त असल्याचा दाखला सक्तीचा करावा. तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठते, म्हणून जड धातूंची तपासणीही व्हावी.

4. जिल्हा पातळीवर रोगनिदानाची प्रयोगशाळा द्यावी. पांढरा ठिपका हा रोग विषाणूजन्य आहे. जिवाणूंसाठीचा अर्क त्यावरचा इलाज म्हणून विकू देऊ नये.

5. चाचण्या यशस्वी ठरल्यास कच्चा माल खडकांवरून ओरबाडला जाऊ नये. किनारी जलकृषी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने शेवाळ संवर्धनालाही कक्षेत घेतले आहे; त्याचा लाभ कोळी व गाबीत महिलांच्या बचत गटांना मिळावा.

2025 मध्ये शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा दिला. भाताचे नवे वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी त्याच्या चाचण्या होतात. कोळंबीच्या तलावालाही तोच न्याय मिळावा. पुढील हंगामाचे बीज सोडण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींसह बैठक घ्यावी, ही विनंती. चाचण्यांसाठी आमचे तलाव उपलब्ध करून देण्याची आमची तयारी आहे.

आपले विनीत,
निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी संवर्धक,
पालघर, रायगड व रत्नागिरी जिल्हे