थायरॉईडची गोळी ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!



रात्री गस्त घालणारा ट्रॅकमन चार खांब चालून धापा टाकू लागला, किंवा सॉर्टिंगच्या टेबलावरील भगिनीच्या हातून पत्रे चुकीच्या खान्यात पडू लागली, की सुपरवायझरचा शेरा ठरलेला असतो: कामात टाळाटाळ. ती व्यक्ती दवाखान्यात गेली तर तिथला शेराही ठरलेला: अशक्तपणा. हातात व्हिटॅमिनच्या दहा गोळ्या आणि ‘वजन कमी करा’ हा उपदेश. या दोन शेऱ्यांच्या कात्रीत आमच्या अनेक सभासदांची वर्षेच्या वर्षे फुकट गेली आहेत. दुखणे मात्र गळ्यातल्या एका लहानशा ग्रंथीचे होते, आणि ते एका साध्या रक्ततपासणीत कळले असते.

थायरॉईड ग्रंथी मंदावली की सारे शरीरच मंदावते. थकवा, सुस्ती, सतत झोप, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, आवाज घोगरा होणे, तोंडावर सूज, विसराळूपणा, उदासी. स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव. यातले एकेक लक्षण कुणालाही असू शकते, म्हणूनच ते उडवून लावणे सोपे जाते. हा काही श्रीमंतांचा किंवा दुर्मिळ रोग नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत हा दोष आढळला. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. पुष्कळांना वाटते की आयोडीनचे मीठ खाल्ले म्हणजे झाले. आयोडीनच्या कमतरतेविरुद्ध सरकारने १९६२ पासून कार्यक्रम राबवला, तो योग्यच होता. परंतु आज शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्याने होणारा प्रकार मोठा आहे, आणि तो मिठाने बरा होत नाही.

तपासणीचे गणित रेल्वे कामगाराला समजायला अवघड नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी हा कंट्रोलर समजा. थायरॉईडने काम ढिले केले की कंट्रोलर जोरजोराने हुकूम सोडतो. या हुकमाचे नाव टीएसएच. म्हणून ग्रंथी मंद असेल तर टीएसएच वाढलेला दिसतो आणि टी-४ कमी. साधारणपणे टीएसएच ०.४ ते ४ किंवा ४.५ च्या आत असावा. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते. टीएसएच थोडा वाढलेला आणि टी-४ ठीक असेल तर प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून ठरवावे. १० च्या वर गेला तर बहुधा गोळी द्यावीच लागते.

औषध आहे लेव्होथायरॉक्सिन. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. तरीही उपचार फसतो. का? कारण २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली की डॉक्टरांचे काम संपते! ग्रंथी पूर्ण निकामी असेल तर प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात; म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. वृद्धाला किंवा हृदयविकार असलेल्याला थोड्यापासून सुरुवात करणे बरोबरच आहे, पण सुरुवातीलाच मुक्काम करणे बरोबर नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहिलाच पाहिजे. तो पाहिला नाही तर डोस कमी पडतो की जास्त होतो हे कळणार कसे? जास्त झाला तर छातीत धडधड वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून सभासदांनीही मनाने गोळी वाढवू नये, शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नये, आणि काढा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी सोडू नये.

गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानंतर. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवायची. आता कुणी सांगावे की रनिंग स्टाफची सकाळ नेमकी कोणती! पहाटे तीनला कॉल आलेल्या लोको पायलटला ‘रोज सकाळी सहाला घ्या’ म्हणणारा डॉक्टर रोस्टर पाहत नाही. अशांनी शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपण्यापूर्वी गोळी घेतली तरी चालते. डॉक्टरांशी बोलून एक वेळ ठरवावी आणि ती पाळावी. बाटली तापलेल्या लाईन बॉक्समध्ये उघडी टाकू नये. गोळी चालू असलेल्या भगिनीला दिवस गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे. त्या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो, आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते.

प्रशासन म्हणेल, इतक्या तपासण्यांचा खर्च कोण करणार? आम्ही विचारतो, झोपेने डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हाती सिग्नल, रूळ आणि इंजिन देण्याचा खर्च कोण करणार? वैद्यकीय तपासणीत अनफिट ठरू या भीतीने कामगार दुखणे लपवतो, हे प्रशासनाला ठाऊक आहे. योग्य डोसवर असलेला कामगार पूर्ववत काम करू शकतो, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. दवाखान्यात महिना महिना ‘स्टॉक नाही’ हे उत्तर मिळते. टेंडर बदलले की गोळीची कंपनी बदलते, आणि त्यानंतर तपासणी होत नाही. निवृत्त कामगार दोन गाड्या बदलून येतो आणि रिकाम्या हाताने परततो.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१) लक्षणे असलेल्या प्रत्येकाची टीएसएच तपासणी व्हावी आणि रिपोर्टची प्रत त्याच्या हाती मिळावी.
२) डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी आणि डोस स्थिरावल्यावर वर्षातून एकदा तपासणी व्हावी.
३) गोळ्या खंड न पडता, शक्यतो एकाच कंपनीच्या मिळाव्यात. स्टॉक नसेल तर स्थानिक खरेदी करून द्याव्यात.
४) सुस्तीच्या आरोपावरून चार्जशीट देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी.
५) ग्रामीण डाक सेवकांनाही या उपचाराची सोय मिळावी.

शाखांनी हा विषय पी.एन.एम. आणि जे.सी.एम. च्या अजेंड्यावर लेखी घालावा. सभासदांनी जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून जपावेत, आणि डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे तीन प्रश्न विचारावेत: माझा टीएसएच किती? डोस कशावरून ठरवला? पुढची तपासणी कधी? उत्तर मिळाले नाही तर शाखा कार्यालयात यावे. १९७४ च्या मे महिन्यात आमच्या आधीची पिढी आठ तासांच्या ड्यूटीसाठी आणि बोनससाठी तुरुंगात गेली. ज्या शरीराने ती ड्यूटी करायची, ते शरीर धड राखण्याची मागणी करायला आम्ही का लाजावे?

कामगार एकजुटीचा विजय असो!