चांगलं गाणं आपोआप लोकांपर्यंत पोहोचतं? सत्तरच्या दशकातले ‘हे’ तीन रॉक अल्बम वेगळंच सांगतात

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर आमच्याकडे एक हार्ड डिस्क खोलीखोलीत फिरायची. त्यात ‘क्लासिक रॉक’ नावाचा फोल्डर होता. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, डीप पर्पल, ईगल्स. सत्तरच्या दशकातलं रॉक म्हणजे एवढंच, असं मला चार वर्षं वाटत होतं. आज फोनमधल्या अ‍ॅपवर कोट्यवधी गाणी आहेत. तरी ‘सेव्हन्टीज रॉक’ शोधलं की बहुतेक वेळा तीच नावं वर येतात.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘जे चांगलं होतं ते टिकलं, बाकीचं विसरलं गेलं.’ मला हे उत्तर पटत नाही. पुढची तीन उदाहरणं वाचा आणि तुम्हीच ठरवा.

बिग स्टार : रेकॉर्ड दुकानात पोहोचलीच नाही

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला हा बँड. त्यांचा पहिला अल्बम ‘नंबर वन रेकॉर्ड’ १९७२ मध्ये आला. गायक अ‍ॅलेक्स चिल्टन नवखा नव्हता. १६ व्या वर्षी ‘द बॉक्स टॉप्स’ या बँडसोबत त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. समीक्षकांनी नव्या अल्बमचं भरभरून कौतुक केलं.

अडचण वितरणात होती. अल्बम बाजारात नेण्याची जबाबदारी स्टॅक्स कंपनीकडे होती आणि स्टॅक्सचा सगळा भर सोल संगीतावर. पुढे स्टॅक्सने वितरणाचं काम कोलंबियाकडे सोपवलं, तरी रेकॉर्ड दुकानांत नीट पोहोचली नाही. परीक्षण वाचून माणूस दुकानात जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. विक्री काही हजारांतच अडकली. बँडमधला दुसरा मुख्य गीतकार ख्रिस बेल १९७८ मध्ये कार अपघातात गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने ५०० सर्वोत्तम अल्बमची यादी काढली. त्यात बिग स्टारचे तिन्ही अल्बम होते. बेलला हे कधीच कळलं नाही.

रॉड्रिगेझ : गाणी गाजली, गायकालाच खबर नाही

डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिगेझचा ‘कोल्ड फॅक्ट’ १९७० मध्ये आला. अमेरिकेत तो जवळपास कुणी विकत घेतला नाही. दुसरा अल्बमही पडला आणि कंपनीने त्याला सोडून दिलं. तो जुनी घरं पाडण्याच्या, दुरुस्तीच्या कामांवर जाऊ लागला.

इकडे वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत हाच अल्बम घराघरांत वाजत होता. गायकाने मंचावर आत्महत्या केली, अशी अफवाही तिथे होती. अखेर चाहत्यांनी त्याचा शोध घेतला आणि १९९८ मध्ये तो तिथल्या भरलेल्या सभागृहांत गायला. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाने ही गोष्ट जगभर नेली. २०१३ मध्ये त्याला ऑस्करही मिळालं.

पण या माहितीपटात एक गोष्ट नाही. रॉड्रिगेझ ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता आणि १९७९ व १९८१ मध्ये त्याने तिथे दौरे केले होते. म्हणजे तो ‘पूर्ण विसरला गेला’ हे खरं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत विकल्या गेलेल्या रेकॉर्डचे पैसे मात्र त्याच्या हातात आले नाहीत, हा खरा प्रश्न होता. २०२३ मध्ये, ८१ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

डेथ : ‘आधी नाव बदला’

डेट्रॉइटमधलेच तीन कृष्णवर्णीय भाऊ, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. वेगवान, रोखठोक, ज्याला पुढे ‘पंक’ म्हटलं गेलं त्या वळणाची. बँडचं नाव ‘डेथ’. हे नाव बदला, असं रेकॉर्ड कंपनीकडून सांगण्यात आलं. डेव्हिडने साफ नकार दिला आणि अल्बम तिथेच थांबला. भावांनी पदरचे पैसे घालून एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या. बाकी टेप घरात पडून राहिल्या.

डेव्हिड २००० मध्ये कॅन्सरने गेला. ती सात गाणी अल्बम म्हणून बाहेर आली २००९ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी.

मग हे परत आले कसे?

‘दर्जा शेवटी कळतोच’ म्हणून नाही. दर वेळी दोन गोष्टी जुळल्या. मूळ टेप किंवा निदान थोड्या प्रती शिल्लक राहिल्या आणि कुणीतरी वेड्यासारखा पाठपुरावा केला. डेथच्या टेप रद्दीत गेल्या असत्या, तर आज लिहायलाही काही उरलं नसतं. ज्यांच्या टेप खरोखरच गेल्या, त्यांची नावं या लेखात येऊच शकत नाहीत. त्यामुळे आपल्याला फक्त परत आलेले दिसतात आणि सगळेच परत येतात असं वाटतं. आकडेवारी शिकताना आम्हाला यालाच ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणायला शिकवलं होतं.

आपल्याकडे काय?

मुंबईतही तेव्हा रॉक वाजत होतं. सिगारेट ब्रँडच्या नावाने ‘सिमला बीट’ स्पर्धा व्हायच्या. त्यातल्या बँडच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा अल्बम आला तोही १९८१ मध्ये, बँडची उमेदीची वर्षं सरल्यावर. पुढे त्यांचं संगीत नव्याने बाजारात आणलं ते एका अमेरिकी लेबलने. आपल्या शहरातला आवाज जपायला बाहेरचं कुणी यावं लागलं, हे मला खटकतं.

आज हे का महत्त्वाचं?

तेव्हा दुकानातली फळी आडवी यायची, आता अल्गोरिदम. जे आधीच खूप ऐकलं गेलंय, ते पुढे ढकलणं त्याला सोपं जातं. गाणं ‘उपलब्ध’ असणं आणि ते तुमच्यापर्यंत ‘पोहोचणं’ या आजही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्याने गाणी करणाऱ्या मराठी मुलामुलींनाही हेच भोगावं लागतं. गाणं अपलोड होतं, पण ऐकणारा सापडत नाही.

म्हणून एक करून बघा. वर सांगितलेले तीन अल्बम मिळून साधारण दीड तास होतो, पुणे-मुंबई प्रवासाहून कमीच. शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका. आवडलं तर एकाला तरी पाठवा. घरात वडिलांच्या किंवा काकांच्या जुन्या कॅसेट, टेप पडल्या असतील, तर टाकून देण्याआधी एकदा त्यात काय आहे ते पाहा. हॅकनींच्या घरातही अशाच टेप पडून होत्या.