पटसंख्या आणि पालकांचे मत

जालना जिल्ह्यातील एखाद्या गावची जिल्हा परिषदेची शाळा रोडावू लागली की, पालकांचा तिच्यावरील विश्वास उडाला, असा निष्कर्ष काढून अधिकारी मोकळे होतात. या निष्कर्षाचे परिणाम लहान नाहीत. २०१७ साली राज्यशासनाने कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून तेथील मुले शेजारच्या शाळेत धाडण्याचे ठरविले, तेव्हा पटाचाच आधार घेण्यात आला होता.

परंतु पट म्हणजे पालकांचे मत नव्हे. देशाच्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालांत सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ साली ६५.६ टक्के होते. २०२२ साली ते ७२.९ वर चढले आणि २०२४ साली ६६.८ वर उतरले. चार वर्षांत शाळा एकाएकी सुधारल्या व पुढील दोन वर्षांत बिघडल्या, असे कोणी म्हणेल काय? करोनाच्या काळात मिळकत आटली, म्हणून मुले परत आली, हेच अधिक संभवनीय. शिवाय अंबड, घनसावंगी, मंठा या बाजूंची बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. त्या आईबापांनी शाळा नापसंत केलेली नसते. त्यांनी मुकादमाची उचल घेतलेली असते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि एकंदर सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही सांगितले. व्यवस्था उत्तम, पण जिचे मूल ज्या गुरुजींच्या हाती, ती त्यांच्यासमोर तक्रार कशी मांडणार? तिचे मौन समाधान म्हणून नोंदले जाते.

म्हणून मत अजमावयाचे तर त्रयस्थाने घरी जावे, आणि जून-जुलैत जावे. डिसेंबरात दाराला कुलूपच भेटेल. 'समाधानी आहात काय?' हा प्रश्न व्यर्थ आहे. गेल्या आठवड्यात गुरुजी किती दिवस आले, किती तास शिकविले, हे विचारावे. मुलाकडून दुसरीचा धडा आईसमोर वाचून घ्यावा. इंग्रजी पाटी व गळ्यातील टाय पाहून शाळा निवडणाऱ्या आईस हसणे सोपे आहे. वाचन पारखण्याचे दुसरे साधन तिच्या हाती कोणी दिले? ज्यांनी मुले काढून नेली, त्यांच्याही दाराशी जावे. शाळा बंद करण्याचा कागद निघतो, तेव्हा नेमका त्यांचाच जबाब त्यात नसतो.