उन्हाळा आणि पाणी

वैशाख तापला की वसईच्या मुलांस भुईगाव, राजोडी, कळंब हे किनारे आहेतच. भोपाळच्या आनंद नगरातील मुलांस समुद्र कोठला? ती हथाईखेड्याच्या धरणाकडे धावतात. बडा तालाब भोजराजाने अकराव्या शतकात बांधविला असे मानतात. परंतु त्याचे पाणी शहर पिते.

धरणास लाटा नाहीत म्हणून आईबाप निर्धास्त असतात. आम्हांस भय वाटते ते तेथेच. वाळूचा किनारा बहुधा हळूहळू उतरतो (ओहोटीस तोही दगा देतो म्हणा!), जलाशयाचा काठ मात्र एका पावलात खोल होतो, गाळात पाय रुततो. कोणी बुडू लागल्यास पोहणाऱ्यानेही एकदम उडी घालू नये. दोर, काठी, निदान साडीचे टोक फेकावे. तोंड घट्ट बंद केलेला रिकामा डबाही बुडणाऱ्यास तरंगत ठेवतो.