मदतीचा धनादेश आणि भरपाईचा हक्क

४ एप्रिल २०२५ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. ७ महिलांचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधानांनी राष्ट्रीय मदत निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले.

ही मदत हवीच होती. पण मदत सरकारच्या निर्णयावर अवलंबून असते, आणि निर्णय बऱ्याचदा घटनेच्या गाजावाजावर. एकाच वेळी अनेकजण दगावले तर रक्कम जाहीर होते. एखादी मजूर बाई एकटीच ट्रॉलीवरून पडून मेली, तर तिच्या घरी कोणी मंत्री फिरकत नाही. कायद्याचे तसे नाही. तो मृतांची संख्या विचारत नाही. काळजी घेण्याची जबाबदारी कोणावर होती, ती त्याने पाळली का, न पाळल्यामुळेच हे घडले का, आणि नुकसान नेमके काय झाले, एवढेच तो विचारतो. दिवाणी कायद्यात ज्याला अपकृत्य म्हणतात, त्यातला निष्काळजीपणाचा दावा या चार प्रश्नांवर उभा असतो. चारही सिद्ध झाले की भरपाई हा हक्क होतो, तिथे कोणाचे उपकार उरत नाहीत.

आलेगावच्या घटनेचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण असा एखादा दावा कोर्टात उभा राहिला, तर काय विचारले जाईल ते सांगता येते. माल वाहण्यासाठी असलेल्या ट्रॉलीत माणसे कोणी बसवली? ट्रॅक्टर कोणाचा, चालवणारा कोण, त्याच्याकडे परवाना होता का? विहिरीला कठडा होता का? विमा होता का, आणि तो ट्रॉलीतल्या माणसांना लागू होता का? या शेवटच्या प्रश्नावर अशी अनेक प्रकरणे अडतात. शेतीकामाच्या ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीतल्या मजुरांना लागू नाही, असे म्हणत विमा कंपनी हात वर करते आणि वारसांना ट्रॅक्टरमालकाच्या मागे धावावे लागते. हळद काढणीच्या हंगामात हिंगोली जिल्ह्यातले कितीतरी मजूर अशाच ट्रॉल्यांमधून शेतावर जातात.

निष्काळजीपणाच्या त्या चार प्रश्नांचा खरा कस पाहायचा तर मराठवाड्यातलाच एक खटला वाचावा. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक महिला बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आणि असह्य वेदना सुरू झाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत कापडी बोळा राहिलेला सापडला आणि पू झालेला दिसला. २४ जुलैला ती गेली. कनिष्ठ न्यायालयाने कुटुंबाला ३६ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीसाठी शासनाला जबाबदार धरता येत नाही, अशी भूमिका त्याने घेतली.

सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी मूळ निकाल कायम केला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने शिकवला जातो. पोटात बोळा राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, असे न्यायालयाने मानले. नेमकी चूक कोणत्या कर्मचाऱ्याची, हे घरच्यांना दाखवता आले नाही म्हणून शासन सुटत नाही. मृत्यू दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला असे गृहीत धरले, तरी ती शस्त्रक्रिया पहिल्या चुकीमुळेच करावी लागली होती. कारण आणि परिणाम यांची साखळी इतक्या स्वच्छपणे उलगडणारे निकाल थोडे आहेत.

मात्र १९६३ ते १९९६ ही ३३ वर्षे झाली. दिवाणी दाव्याला लोक का घाबरतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. शिवाय मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, वकिलाचा खर्च आणि तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी. गरिबाने हक्क सोडून धनादेश घेतला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

काही बाबतींत कायद्याने वाट सोपी केली आहे. जिवंत तार तुटून झालेल्या मृत्यूत वीज मंडळाचा निष्काळजीपणा सिद्धच करावा लागत नाही. मध्य प्रदेशात १९९७ मध्ये रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस पाण्यात पडलेल्या तारेला लागून मेला. कोणीतरी वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती, असा बचाव मंडळाने केला. आकडे टाकणे ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ती रोखणे हे मंडळाचेच काम, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले. शेतात लोंबकळणाऱ्या तारांखालून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हा निकाल माहीत असायला हवा. मोटार अपघातातही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये मागण्याची तरतूद एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पण ही तरतूद आणणाऱ्या कायदादुरुस्तीनेच अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करायला ६ महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. घरातली कमावती बाई गेल्यावर सहा महिन्यांत कागद गोळा करणारी कुटुंबे किती असतील?

म्हणून इथे पहिली जबाबदारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची येते. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण त्यासाठी गुंजच्या माणसाने हिंगोलीला किंवा वसमतला येऊन अर्ज करावा, ही अपेक्षा उलटी आहे. सानुग्रह रकमेची यादी करायला महसूल खात्याचा माणूस मृताच्या घरी जातो. त्याच्याबरोबर विधी सेवेचा एक माणूस गेलाच पाहिजे. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाची आणि विम्याची कागदपत्रे यांच्या नकला त्याच आठवड्यात कुटुंबाच्या हाती पडल्या पाहिजेत. पुरावा महिन्याभरात विस्कटतो, साक्षीदार कामाच्या शोधात परगावी निघून जातात.

कागदांची हीच गरज रुग्णालयातही असते. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा महाविद्यालयांपैकी ते एक. तिथे जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आपले केसपेपर मागण्याचा हक्क आहे, हे बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे. त्याला खर्च एका फलकाचा आहे.